बोर्डिंगमधून पन्हाळा–पावनखिंड: चार आठवड्यांची तयारी, दोन दिवसांची चाल आणि परतल्यावरची कामं

जुलै लागला की कोल्हापूरच्या बोर्डिंगांतून आठवी ते दहावीची पोरं पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे चालत निघतात. त्यातली काही दुसऱ्या दिवशी दुपारी मलकापूरच्या रस्त्यावर जीपमध्ये बसलेली दिसतात. त्यांना विचारा, दम संपला म्हणून कुणी बसलेलं नसतं. कुणाची टाच सोललेली असते, कुणाच्या जांघा लागलेल्या असतात, कुणी रात्रभर ओल्या कपड्यांत कुडकुडून सकाळी तापलेला असतो. म्हणजे वाट त्यांना अवघड गेली नाही, त्याआधीच्या महिन्यात होस्टेलमध्ये करायची कामं राहिली होती. हा लेख त्या कामांच्या क्रमाबद्दल आहे. इतिहास तुम्हाला वर्गात शिकवलेला आहेच, तो इथे नको.

अंतर साधारण ५० किलोमीटर, दोन दिवसांत, आणि बहुतेक चिखल, भातखाचरांचे बांध, ओढे आणि जांभ्या दगडाच्या घसरड्या वाटांवरून. वेळ कमी असतो, कारण शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि जुलैच्या मध्याला चाल. मधे मिळतात जेमतेम चार आठवडे. म्हणून पहिल्या रविवारपासून सुरुवात करा. तारखेबद्दल माझं मत विचाराल तर ऐन १२–१३ जुलैला जाऊ नये. त्या दोन दिवसांत हजारो पायांनी वाटेचा काला झालेला असतो आणि गर्दीत आपली पोरं मोजणं सरांना जड जातं. त्याच्या मागचा किंवा पुढचा शनिवार-रविवार धरा.

टप्पा १ : नाव देताना (पहिला आठवडा)

नाव दिलं की सगळ्यात आधी घरी कळवा. संमतीपत्रावर आई-वडिलांची सही लागते, आणि गावाहून कागद येऊन परत जायला दिवस जातात. ज्यांचे पालक रविवारी भेटायला येतात त्यांनी त्याच रविवारी सही घ्यावी. शाळेची परवानगी, गाडी, मुक्कामाच्या गावाशी बोलणं ही कामं सरांची आणि रेक्टरांची, त्यात तुम्ही पडू नका.

तुमचं काम एकच, पण ते नेटानं करा. आजार लपवू नका. दमा, फिट येणं, कानाचा जुना त्रास, एखाद्या औषधाची ॲलर्जी, गेल्या महिन्यात येऊन गेलेला ताप हे सगळं कागदावर लिहून द्या. पोरं दमा लपवतात, कारण वाटतं की नाव कापतील. बहुतेक वेळा नाव कापत नाहीत, फक्त पंप सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवायला सांगतात आणि एक पंप सरांकडे राहतो. वाटेतल्या मसाई पठारावरच्या गार वाऱ्यात पंप होस्टेलच्या ट्रंकेत असणं मात्र फार महागात पडतं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही घरी विचारून ठेवा.

मुलींच्या वसतिगृहातून जाणाऱ्यांनी पाळीची तारीख या दोन दिवसांत येते का ते पाहावं आणि मॅडमना आधीच सांगून ठेवावं. पाळी असली म्हणून चालता येत नाही असं नाही. पॅड, वापरलेले पॅड परत आणायला घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या आणि एक जादा गडद पँट एवढं लागतं. तारीख नसली तरी दोन पॅड सोबत असू द्या.

टप्पा २ : बूट (पहिला आठवडा, पुढे ढकलायचं नाही)

निम्मी चाल इथेच जमते किंवा बिघडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जूनमध्ये सगळ्यांना नवे बूट मिळतात आणि पोरं ते चालीसाठी जपून ठेवतात. चुकतं ते इथेच. नवा बूट जेवढा जपाल तेवढा तो पन्हाळ्याच्या उतारावर वसूल करतो. बूट पहिल्या दिवसापासून पायात पाहिजे: आधी संध्याकाळी अभ्यासाच्या वेळी दोन तास, मग सकाळच्या फिरण्याला, मग पाठीवर वजन घेऊन.

कोणता बूट? तळाला खोल खाचा असलेला, घोटा सैल न सोडणारा, पाणी आत गेलं तर बाहेरही पडेल असा. शाळेचे काळे बूट नकोत, गुळगुळीत तळाचे पळायचे बूट नकोत. जाड चामड्याचा महागडा बूटही पावसाळ्यात फार कामाचा नाही, एकदा भिजला की दोन दिवस वाळत नाही. आणि कोल्हापूरकरांना हे सांगावं लागू नये, पण सांगतो: पायताण घालून निघू नका. चामडं फुगतं, अंगठा निसटतो, आणि ऐटीपायी चाल जाते.

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. चालीत घालणार तेच जाड मोजे घालून घ्या. उभं राहून पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट जेमतेम मावलं पाहिजे. पुढे जागा नसेल तर उतारावर अंगठ्याची नखं बुटावर आपटून काळी पडतात. नखं चालीच्या तीन-चार दिवस आधी सरळ रेषेत कापा, आदल्या रात्री नको, आणि कोपऱ्यात खोल तर मुळीच नको.

*तपासा:* तिसऱ्या आठवड्यात बूट मोज्यांसकट मुद्दाम भिजवा आणि तसाच ओला घालून तासभर चाला. कोरड्या बुटात न टोचणारी शिवण ओल्यात टोचते. कुठे लाल झालं ते पाहून ठेवा, चालीच्या दिवशी पट्टी तिथेच आधी लावायची आहे. तळ एका कडेला सुटत असेल तर चांभाराकडून शिवून घ्या. फेव्हिक्विकवर भरवसा ठेवू नका.

टप्पा ३ : पायांना सवय (चार आठवडे)

होस्टेलचं वेळापत्रक इथे उपयोगी पडतं. सकाळची घंटा, प्रार्थना, पी.टी. हे सगळं आहेच, त्यातल्याच पी.टी.चा तास वापरायचा. पहिला आठवडा रिकाम्या पाठीनं रोज पाऊण तास झपाझप चालणं, पळायचं नाही. शहरातल्या पोरांना रंकाळ्याचा काठ आहे. रविवारी टेंबलाईची टेकडी, दोनदा चढून दोनदा उतरून.

दुसऱ्या आठवड्यात पाठीवर वजन. डंबेल शोधत बसू नका, पाठ्यपुस्तकं आहेत. तीनेक किलो भरा. संध्याकाळी होस्टेलचा जिना त्या वजनासकट पंधरा मिनिटं चढा-उतरा, आणि उतरताना मुद्दाम सावकाश. पोरांना वाटतं चढ मारतो, पण मांड्या भरून येतात त्या उतारानं, आणि ही चाल सुरूच होते ती पन्हाळ्याच्या राजदिंडीच्या, म्हणजे गडावरून खाली जाणाऱ्या वाटेच्या, उतारानं. या आठवड्याच्या रविवारी कळंब्याच्या पुढे कात्यायनीच्या डोंगरापर्यंत सरांबरोबर जाऊन या.

तिसऱ्या रविवारी रंगीत तालीम. केर्लीतून जोतिबाच्या डोंगरावर चढून, देवदर्शन करून, त्याच पायी खाली. पूर्ण भरलेली सॅक, चालीतले कपडे, आणि पाऊस असेल तर उत्तम. पाऊस आहे म्हणून तालीम रद्द करणारा गट चालीच्या दिवशी पहिल्यांदा भिजतो आणि तिथेच गोंधळतो.

चौथ्या आठवड्यात सगळं कमी करत आणा. शेवटचे तीन दिवस फक्त मोकळं फिरणं.

दोन चुका पोरं हमखास करतात. पहिली, तीन आठवडे अंथरुणात काढून शेवटच्या रविवारी एकदम वीस किलोमीटर. त्यानं तयारी होत नाही, पोटऱ्या धरतात. दुसरी, शेवटच्या आठवड्यात फुटबॉल. कोल्हापुरात हे सांगणं म्हणजे देवळात जाऊ नको म्हणण्यासारखं आहे, कळतं मला. तरीही ओल्या मैदानावर मुरगळलेला घोटा आठ दिवसांत बरा होत नाही. एक आठवडा गोलपोस्टमागे बसून ओरडा.

टप्पा ४ : सॅक भरणं (दोन दिवस आधी)

वजनाचा हिशेब: तुमच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. ४५ किलोच्या पोरानं पाण्यासकट साडेचार-पाच किलोच्या वर जाऊ नये. हे ऐकून पोरं पहिल्यांदा पाण्याची बाटली काढून टाकतात आणि ब्लूटूथ स्पीकर ठेवतात. उलटं करा.

कपड्यांचा नियम समजून घ्या, कारण तो समजला नाही तर पुढचं काही उपयोगाचं नाही. तुमच्याकडे दोनच जोड असतात, एक ओला आणि एक कोरडा. ओला जोड चालताना, दोन्ही दिवस. कोरडा जोड फक्त मुक्कामाला, छपराखाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडा जोड पुन्हा पिशवीत आणि कालचाच ओला अंगावर. नको वाटतं, अंगावर काटा येतो, पण चालायला लागल्यावर दहा मिनिटांत अंग तापतं. जी पोरं सकाळी कोरडे कपडे घालून निघतात ती पहिल्या ओढ्यालाच भिजतात, आणि मग अडचण आलीच तर त्यांच्याजवळ घालायला कोरडं एक सूतही उरत नाही.

ओल्या जोडात खेळाची पातळ पँट आणि पॉलिएस्टरचा टी-शर्ट. जीन्स नको म्हणजे नकोच. भिजलेली जीन्स मांड्या सोलते आणि वाळत नाही. आतले कपडे घट्ट बसणारे, शिवण जाड नसलेले. कोरड्या जोडात पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट, आतले कपडे, स्वेटर किंवा माकडटोपी, आणि झोपायचे मोजे. पायांच्या मोज्यांचे दोन जोड चालायला वेगळे.

पावसासाठी छत्री नको. पठारावरचा वारा ती उलटी करतो, आणि हात मोकळे राहत नाहीत. सॅकवरूनही बसेल असा पोंचो घ्या. नसेल तर शेतकरी घेतात तशी प्लॅस्टिकची खोळ चालते, स्वस्त आहे आणि वाऱ्याला तोंड देते.

बाकीचं: एक लिटरच्या दोन बाटल्या, ताट-पेला, टॉर्च आणि वेगळ्या पिशवीत सेल, शिट्टी, पातळ चादर, छोटा टॉवेल, साबणाचा तुकडा, व्हॅसलीन, चिकटपट्टी, स्वतःची औषधं, जुनी वर्तमानपत्रं, चार रिकाम्या पिशव्या. शर्टाच्या खिशात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी: नाव, रक्तगट, ॲलर्जी, सरांचा आणि घरचा नंबर. फोनवर भिस्त ठेवू नका, मधल्या वाड्यांत नेटवर्क येतं-जातं आणि भिजलेला फोन कुणाच्याच कामाचा नाही.

भरण्याचा क्रम असा. आधी सॅकच्या आत एक मोठी जाड पिशवी, खताच्या पोत्याच्या आत असते तशी, धुऊन घेतलेली. तिच्यात सगळ्यात खाली चादर. त्यावर कोरडा जोड, स्वतःच्या दुसऱ्या पिशवीत, हवा दाबून काढून, तोंडाला गाठ. मग पाठीला चिकटून जेवणाचा डबा आणि जड वस्तू. वर औषधं आणि पट्ट्या. पोंचो सगळ्यात वर, पिशवीच्या बाहेर. पाऊस आल्यावर पोंचोसाठी सगळी सॅक उपसणारा पोरगा प्रत्येक गटात एक तरी निघतो.

खाण्याचं मेसच्या मावशींना दोन दिवस आधी सांगा. चपाती-बटाट्याची भाजी दमट हवेत संध्याकाळपर्यंत आंबते. धपाटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे, लाडू, भडंग हे टिकतं आणि चालताना खाता येतं. वेफर्सची पाकिटं जागा खातात, पोट भरत नाहीत आणि शेवटी पठारावर उडत राहतात.

*तपासा:* भरलेली सॅक न्हाणीघरात ठेवा आणि तिच्यावर दोन बादल्या पाणी ओता. पाच मिनिटांनी उघडा. कोरडा जोड ओला झाला असेल तर पिशवीला भोक आहे किंवा गाठ सैल आहे. हे न्हाणीघरात कळलेलं बरं.

टप्पा ५ : जायचं की थांबायचं (आदला दिवस)

हा निर्णय सरांचा. पण तो कशावर ठरतो हे तुम्हाला माहीत असावं, म्हणजे रद्द झाल्यावर तोंड पाडून बसणार नाही.

राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी पाहतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोक्याची. पाणी इशाऱ्याकडे सरकत असेल तर जाणं एक वेळ जमेल, येणं अडकेल. रेडेडोह फुटला (म्हणजे पंचगंगेचं पाणी तिथून पात्राबाहेर पसरलं) किंवा केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलं की पन्हाळ्याकडची वाहतूक थांबते. हवामान खात्याचा कोल्हापूरच्या घाटमाथ्याला रेड अलर्ट असेल तर चर्चाच नको. ऑरेंज असेल तर मुक्कामाच्या गावात फोन करून ओढ्यांचं पाणी विचारायचं. शहरात पाऊस उघडला म्हणून पश्चिमेकडे उघडला असं नसतं. तुम्ही रंकाळ्यावर कोरडे फिरत असाल आणि शाहूवाडीत ओढे दुथडी भरलेले असतील.

आणखी एक तपासणी तुमची स्वतःची. ताप, जुलाब, पायाला उघडी जखम यातलं काही असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगा. चिखलात आणि खाचरांत उघड्या जखमेनं उतरणं धोक्याचं आहे, ते का ते शेवटी येईल.

टप्पा ६ : पहिला दिवस, पन्हाळा ते मुक्काम

सकाळी बूट घालण्याआधी पाय कोरडे करा. बोटांच्या बेचक्यांत, टाचेला, तळव्याच्या पुढच्या गादीला व्हॅसलीन चोळा. जांघेतही. लाजू नका, दुपारी ज्यांनी लावलं नाही त्यांची चाल पाहिली की कळेल. तालमीत लाल झालेल्या जागेवर चिकटपट्टी आधीच, सुरकुती न पडू देता. पट्टीच्या कडा गोल कापल्या तर मोज्यात सुटत नाहीत.

गडावर पोचल्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्याजवळ घोषणा होतात. द्या, पण घसा जपून. पुढ्यात उभं राहून सगळ्यात मोठ्यानं ओरडणारी पोरं म्हाळुंग्याच्या चढाला सगळ्यात मागे असतात.

निघण्याआधी जोड्या लावा. प्रत्येकाची एक जोडी, जोडी सोडायची नाही, लघवीलासुद्धा जोडीदाराला सांगून. पुढे एक सर आणि वाट माहीत असलेला माणूस, त्याच्या पुढे कुणी नाही. शेवटी दुसरे सर, त्यांच्या मागे कुणी नाही. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि प्रत्येक वाडीत, प्रत्येक ओढ्याच्या अलीकडे-पलीकडे क्रमानं मोठ्यानं म्हणा. हजेरी घेण्यापेक्षा हे लवकर होतं आणि कोण गळलं ते लगेच कळतं.

राजदिंडीचा उतार घसरडा असतो. पाऊल आडवं टाका, गुडघे किंचित वाकवा, पुढच्याच्या खांद्याला धरून झुलू नका. एक घसरला की तीन जातात. उतरण्याआधी नाडी वरच्या भोकांत घट्ट, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. खाली सपाटीला आलं की थोडी सैल.

*थांबा:* पहिल्या तासाभरातच एकदा बूट काढून बघा. पायात कुठे गरम-गरम वाटत असेल तर तो येऊ घातलेला फोड. आत्ता पट्टी लावली तर पाच मिनिटं जातात, ‘पुढच्या वाडीत बघू’ म्हटलं तर दुसरा दिवस जातो. फोड आलाच तर फोडू नका. मधे भोक पाडलेली जाड पट्टी फोडाच्या भोवती लावा आणि वरून दुसरी.

म्हाळुंगे मागे टाकून वर चढलं की मसाई पठार. इथे धुकं आलं तर दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि पठारावर सगळ्या दिशा सारख्याच दिसतात. धुक्यात कुणी पुढे पळायचं नाही, फोटोसाठी कड्याकडे जायचं नाही, अंतर एका हाताचं. चुकलात असं वाटलं तर जागेवर थांबा आणि शिट्टी तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. शोधत फिरू नका. शोधणारे दोघं एकमेकांना चुकवत राहतात.

पठारावर जेवायला बसायचा मोह होतो. नको. भिजलेल्या अंगाला तिथला वारा लागला की पंधरा मिनिटांत थंडी भरते. उभ्यानं मूठभर गूळ-शेंगदाणे खा आणि पलीकडच्या वाडीत छपराखाली जेवा. एखादा पोरगा थरथरतोय, बोलताना शब्द अडखळताहेत, सारखा ठेचकाळतोय, विचारलं की ‘काही नाही’ म्हणतोय, तर ती नुसती थंडी समजू नका. लगेच आडोसा, ओले कपडे काढून त्याचा कोरडा जोड, माकडटोपी, गोड चहा. कोरडा जोड का जपायचा ते इथे कळतं.

तहान लागत नाही म्हणून पोरं पावसात पाणी पीत नाहीत आणि दुपारी पोटरीत गोळे येतात. दर अर्ध्या-पाऊण तासानं चार घोट. ओढ्याचं पाणी कितीही निवळशंख दिसलं तरी वर गुरं असतात, क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबूनच प्या. गोळे आले किंवा जुलाब झाले तर एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

ओढा ओलांडताना बूट काढू नका, तळाचे दगड शेवाळलेले असतात. सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येते. पाणी गुडघ्याच्या वर, गढूळ आणि ओढ असलेलं असेल तर उतरायचंच नाही. डोंगरातले ओढे जसे चढतात तसे पाऊस ओसरल्यावर तासा-दोन तासांत उतरतातही. थांबणं यात काही कमीपणा नाही.

पुढे कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी अशा वाड्या लागत जातात. मुक्काम या पट्ट्यात कुठेही ठरलेला असो, अंधाराआधी तासभर पोचायचंच.

टप्पा ७ : मुक्काम (क्रम चुकवू नका)

पोचल्या-पोचल्या पोरं भिंतीला टेकून बसतात आणि तिथेच डोळा लागतो. दहा मिनिटं कळ काढा.

आधी आडोशाला ओले कपडे काढून अंग पुसा आणि कोरडा जोड घाला. मग पाय धुऊन बोटांच्या बेचक्या नीट पुसा आणि पाय उघडे ठेवा. कातडी पांढरी, सुरकुतलेली दिसेल, तिला वारा लागू द्या, चुलीजवळ भाजू नका. मोजे झोपताना. मग बुटांतले तळवे काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, जेवणानंतर ते बदला. बूट वाळणार नाहीत, पण सकाळी निम्मं पाणी कमी असेल. ओले कपडे पिळून दोरीवर. त्यानंतर चहा, जेवण, झोप.

घर ज्यांचं आहे ते आपल्यासाठी जागा रिकामी करतात. बूट ओसरीच्या बाहेर, चिखलाचे पाय आत नाहीत, ताटं आपली आपण घासायची, काकूंना काही हवं-नको विचारायचं. परसाकडे जाताना टॉर्च, पायात काहीतरी, सोबत जोडीदार, आणि ओढ्यापासून-विहिरीपासून लांब. बूट सकाळी घालण्याआधी उलटे करून आपटा. पावसाळ्यात विंचू-साप कोरडी जागा शोधतात.

साप चावलाच तर: हलवायचं नाही, चावलेला भाग स्थिर, अंगठी-घड्याळ काढा, आवळून बांधू नका, कापू-चोखू नका, सापामागे धावू नका. १०८ ला फोन, आणि गावातल्या गाडीनं थेट रुग्णालय. कुणी मंत्र टाकणाऱ्याचं नाव काढलं तर नम्रपणे हात जोडा आणि गाडी काढा.

टप्पा ८ : दुसरा दिवस

ओला जोड, पुन्हा व्हॅसलीन, नव्या पट्ट्या. सकाळी पहिली वीस मिनिटं सगळ्यांनाच लंगडायला होतं, त्यावरून माघारीचा निर्णय घेऊ नका. अर्ध्या तासानंतरही एकाच पायावर भार देता येत नसेल, गुडघा सुजला असेल, ताप असेल, तर मात्र रस्ता जवळ असलेल्या वाडीतच सांगा. पुढच्या जंगलात शिरल्यावर सांगितलं तर तुम्हाला चार जणांनी उचलून आणावं लागतं.

आज झाडी जास्त, म्हणून जळवा. पँटचे पाय मोज्यांत खोचा आणि थांब्यावर एकमेकांचे घोटे बघा. जळू लागली तर ओढून काढू नका, नख कातडीला लावून तिच्या तोंडाच्या बाजूनं अलगद सरकवा, सुटते. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेनं ते गोठत नाही. घाबरू नका, धुऊन दाबून धरा.

गवा दिसला तर सगळे गप्प, पळापळ नाही, मोबाइल नाही. त्याला जायला वाट ठेवून आल्या पावली मागे सरका.

दुपारनंतर पांढरपाणी मागे पडलं की पोरांना एकदम जोर चढतो आणि ती पळत सुटतात. दोन दिवसांतले सगळ्यात जास्त मुरगळलेले घोटे या शेवटच्या तासातले. रांग तीच, जोड्या त्याच. खिंडीत पाण्याचा जोर असेल तर खाली उतरू नका, वरूनच नमस्कार करा. विशाळगडापर्यंत जायचा बेत असेल तर त्या दिवसांतले प्रशासनाचे आदेश सरांनी आधीच विचारलेले असावेत.

*तपासा:* गाडीत बसण्याआधी शेवटची मोजणी, आणि ओला जोड बदलायची वेळ आता. परतीचे दोन-अडीच तास ओल्या अंगानं काढू नका.

टप्पा ९ : होस्टेलवर परत

रात्री उशिरा पोचाल आणि सॅक कॉटखाली सरकवून झोपाल, हे ठरलेलं. निदान तीन गोष्टी करूनच आडवे व्हा: गरम पाण्यानं आंघोळ, सॅक पूर्ण उपडी, बूट धुऊन नव्या बोळ्यांसकट पंख्याखाली. बंद सॅकमध्ये आठवडाभर राहिलेल्या ओल्या कपड्यांना जो वास सुटतो त्यावरून सगळी खोली तुम्हाला नावं ठेवील, आणि रेक्टर वेगळं बोलतील. जुलैत दोरीवर काही वाळत नाही, म्हणून कपडे एकावर एक न टाकता पसरून, जाड शिवणी उलट्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी पाय उजेडात बघा. बोटांच्या बेचक्यांत पांढरं पडून खाज-भेगा असतील तर त्या चिखल्या. पाय कोरडे ठेवा, दोन-तीन दिवस शाळेत चप्पल घालायची परवानगी मागा, आणि बरं वाटेना तर होस्टेलच्या डॉक्टरांना दाखवा. जांघेत गोल चट्टा उठला तर दुसऱ्याचा टॉवेल घेऊ नका, आपला देऊ नका, आणि मित्रानं सुचवलेलं मलम लावू नका. फोड फुटला असेल तर स्वच्छ धुऊन झाकून ठेवा. लाल रेषा वर चढताना दिसली किंवा पू झाला तर त्याच दिवशी डॉक्टर.

चार दिवस पळणं आणि जिना चढून दाखवणं बंद. मांड्या दुसऱ्या दिवशी जास्त दुखतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतात. बसून राहिलात तर जास्त दुखेल, रंकाळ्यावर सावकाश एक चक्कर मारा.

पुढचे दोन-तीन आठवडे तापाकडे लक्ष ठेवा. गुरांच्या, उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. तो जखमेतून, भेगांतून शरीरात शिरतो आणि बहुतेक वेळा आठवडा-दोन आठवड्यांनी ताप येतो. ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही दिसलं तर रेक्टरना त्याच दिवशी सांगा. मेडिकलमधून गोळी आणून शाळा बुडू नये म्हणून दाबून ठेवू नका. डॉक्टरकडे गेल्यावर नुसतं ‘ताप आहे’ म्हणू नका. कोणत्या तारखेला, किती वेळ, खाचरांतून आणि ओढ्यांतून चाललात आणि पायाला जखमा होत्या का, हे स्वतःहून सांगा. तपासणी कोणती करायची ते डॉक्टर त्यावरूनच ठरवतात.